दिघ्यांकडून घेतलेली गाडी

१४ नोव्हेंबर १९७१, रविवार. बराकपूर

आज पुन्हा इंजिनातलं तेल खाली. बुधवारी वरच्या खुणेपर्यंत भरलं होतं. आज काडी पुसून घातली, काढली, तर टोकाला जेमतेम ओल. गाडीखाली कालपासून वर्तमानपत्र पसरून ठेवलंय, त्यावर थेंब नाही. म्हणजे गळत नाही. मग जातं कुठे?

जातं ते दिसतंच आहे म्हणा. सुरू केली की मागे निळा धूर. शेजारच्या मिसेस नायर खिडकी लावून घेतात. नीलू टाळ्या पिटते, "आई, गाडी सिगरेट खाते!" नऊ वर्षांची झाली तरी मराठी बंगालीवरून घसरतं. एरवी मी लगेच सुधारते, खाते नाही, ओढते म्हणून. आज राहू दिलं.

हे सीमेकडे गेल्यापासून पत्र एकच. "गाडी जपून चालव, फार दामटू नकोस." तेलाबद्दल अक्षर नाही.

१८ नो., गुरु.

टिटागढला शंभूबाबूंच्या गॅरेजमध्ये. त्यांनी प्लग काढून माझ्या हातावर ठेवला. काळा, तेलाने चिकट. "बौदी, रिंग शेष." म्हणजे, वहिनी, रिंगा संपल्या. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, तेल वर चढतं आणि जळतं. इंजिन उघडावं लागेल. कधी मिळेल परत? त्यांनी वर आभाळाकडे हात केला. सामानच येत नाहीये म्हणे.

आणि ही झीज आजची नाही, जुनी आहे म्हणाले.

म्हणजे घेतली तेव्हाच अशी होती. फेब्रुवारीत घेतली, कॅप्टन दिघ्यांकडून. ह्यांच्याच पलटणीतले, ह्यांचे जिवलग. माझ्या हातचं थालीपीठ खात म्हणाले होते, "वहिनी, इंजिन म्हणजे लोणी!"

लोणी. आणि हे शेजारी बसून हसत होते. साधे आहेत, मित्राच्या शब्दावर गेले. फसवायला तरी दुसरं कोणी मिळालं नाही का दिघ्यांना?

२३ नो.

इंजिन उघडायचं नाही असं ठरवलं. निदान आत्ता. गाडी गॅरेजमध्ये अडकली आणि वेळ आली तर काय करू? रस्त्याने दिवसभर ट्रक जाताहेत, सगळे पूर्वेकडे.

शंभूबाबूंनी जाड तेल दिलंय. धूर कमी झाला, पण सकाळच्या गारव्यात सुरू व्हायला रडते. प्लग कसा काढायचा, कसा पुसायचा ते त्यांच्याकडून शिकून घेतलं. तेलाचा डबा मागच्या सीटखाली.

पत्र नाही.

४ डिसेंबर, शनि.

लढाई सुरू झाली. रेडिओवर कालच ऐकलं, तरी सकाळी पेपर हातात येईपर्यंत खरं वाटत नव्हतं.

काचांना कागद चिकटवले. गाडीचे दिवे अर्धे काळे रंगवले. नीलूने ब्रश धरला, फ्रॉकला रंग. रागावले, मग तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, "बाबा कोणत्या दिशेला आहेत?" मी नदीच्या उलट बाजूला बोट दाखवलं. मला तरी कुठे ठाऊक आहे.

९ डि., गुरु.

पलटणीच्या ऑफिसातून निरोप आला. शिपाई दारात दिसला तेव्हा हातातलं पातेलं खाली ठेवायचं सुचेना.

ह्यांच्याबद्दल नाही. दिघे जखमी. पायाला. इथल्या लष्करी इस्पितळात आणलंय. शालू, त्यांची बायको, पुण्याहून निघाली आहे, परवा हावड्याला उतरेल. कोणी आणायला जाईल का?

जाईन म्हटलं. तिच्या छातीचं दुखणं मोठं, गेल्याच उन्हाळ्यात मिरजेच्या इस्पितळातून बरी होऊन आली. सियालदाहहून इकडे येणाऱ्या लोकलमध्ये सध्या उभं राहायला जागा नाही, तिला त्या गर्दीत कसं लोटायचं?

मनात पहिलं काय आलं ते लिहितेच. आता दिघ्यांना समोरासमोर विचारता येईल. लाज वाटली. पण आलं खरं.

११ डि., शनि.

हात अजून काळे आहेत. साबणाने निघत नाही.

नीलूला मिसेस नायरांकडे ठेवून निघाले. जाताना ठीक. हावड्याला आगगाडी फार उशिरा आली. शालू उतरली ती अगदी काडी. "वहिनी, पाय आहे ना त्यांचा?" पहिलं वाक्य हेच. मला माहीत नव्हतं. "आहे, आहे," म्हटलं.

श्यामबाजार ओलांडलं, बी. टी. रोडला लागलो, आणि सोदपूरच्या पुढे तेलाचा लाल दिवा लागला. थांबून डब्यातलं होतं ते सगळं ओतलं. दिवा गेला. खडदहला इंजिन धक्के द्यायला लागलं. प्लग भिजला असणार. मागे एवढा धूर की सायकलवाले थांबून बघायला लागले. शालूला खोकल्याची उबळ आली. तोंडावर पदर धरून म्हणाली, "मला काही नाही होत, तुम्ही चला." मग गाडी बंदच पडली.

ज्यूट मिलची पाळी सुटत होती. माणसं जमली. "आग लगेगी, मेमसाब!" एक पोलीस धावत आला, काठी बॉनेटवर आपटून ओरडायला लागला. मागून लष्कराचा ताफा येतोय, रस्ता मोकळा करा! मिलच्या चौघांनी ढकलून गाडी कडेला मातीत घातली.

प्लग तापलेला. पदराचा बोळा करून फिरवला, तरी बोट भाजलं. पेट्रोलमध्ये चिंधी बुडवून पुसला, केसातली पिन काढून खरवडला. शेजारून ट्रक जात होते, एकामागून एक, धुरळा उडवत. मी हातातलं काम सोडून त्यांतल्या तोंडांकडे बघत होते. ट्रक तर सीमेकडेच चालले होते, हे त्यात कसे दिसणार? तरी बघत होते.

शालू दगडावर बसलेली. म्हणाली, "आमच्याकडे असताना हे मला कधी गाडीत बसूच द्यायचे नाहीत. म्हणायचे, धुराने तुला त्रास होईल."

म्हणजे तेव्हाही धूर होता. प्लग घट्ट केला. तिसऱ्या खेपेला सुरू झाली. टिटागढपर्यंत लाल दिवा पुन्हा डोळे मिचकावत होता. शंभूबाबूंचं दुकान उघडं होतं म्हणून तेल मिळालं, नाहीतर इंजिन तिथेच जाम झालं असतं.

इस्पितळात पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती, अर्थात दिवे कोणी लावत नव्हतं. पाय आहे. शालू त्यांच्या उशाशी बसली आणि मी व्हरांड्यात.

१३ डि., सोम.

शालू औषधं आणायला खाली गेली तेव्हा दिघ्यांजवळ एकटी होते. तेच म्हणाले, "वहिनी, अजून तेल पिते का हो?"

माझा तोल गेला. म्हटलं, "लोणी म्हणाला होतात!"

ते उशीवरून अर्धे उठले. "वसंतानं तुम्हाला सांगितलं नाही?"

ह्यांना ते वसंता म्हणतात. मग हळूहळू सगळं आलं. शालूला मिरजेला न्यायचं होतं तेव्हा ह्यांनी पैसे पुढे केले, दिघ्यांनी घेतले नाहीत. उसने घेणार नाही, फुकट तर नाहीच. शेवटी हे म्हणाले, गाडी दे. इंजिन गेलंय हे दिघ्यांनी स्वतः बॉनेट उघडून दाखवलं. ह्यांनी तरी चांगल्या गाडीचे पैसे दिले. "लोणी म्हण असं त्यानंच बजावलं होतं मला. ही मदतच आहे हे तुमच्याकडून शालूला कळलं तर ती उपचार सोडून परत येईल, म्हणाला. आणि तुम्हाला तो सावकाश सांगणार होता."

सावकाश. म्हणून दर रविवारी मी उठायच्या आत हे गाडी पुसायला जायचे. पुसायला नव्हे, तेल भरायला.

ह्यांना शेवटचं कधी पाहिलंत, विचारलं. "मला पाठीवर घेऊन मागे आणलं त्यानं. वाटेत शिव्या देत होता, किती जड आहेस म्हणून. मग परत पुढे गेला." पुढचं माहीत नाही म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

घरी येऊन रडले. कशासाठी ते मला नीट सांगता येणार नाही. राग आला होता. मी काय नाही म्हणाले असते? मला का नाही सांगितलं?

१७ डि., शुक्र.

काल तिकडे शरणागती झाली. रस्त्यात फटाके, शंख, अनोळखी माणसं मिठाई भरवताहेत. नीलूने दोन संदेश खाल्ले, तिसरा बाबांसाठी बशीत झाकून ठेवला.

पलटणीच्या ऑफिसात गेले. "मॅडम, याद्या अजून यायच्या आहेत. खबर नसणं चांगलंच." बाबू माझ्याकडे न बघता बोलत होता.

२० डि., सोम.

पत्र नाही. निरोप नाही.

आज इस्पितळातून परतताना शालूने विचारलंच. ती आमच्याकडेच उतरली आहे, सकाळी मी तेल भरत होते ते तिने पाहिलं होतं. "वहिनी, खरं सांगा. ही गाडी आमच्याकडे होती तेव्हापासूनच अशी आहे ना? ह्यांनी तुम्हाला फसवलं ना?" डोळे भरलेले. "मला ह्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. तुमचा माणूस त्यांना पाठीवर घेऊन आला, आणि ह्यांनी असं..."

एका वाक्याचं काम होतं. नाही ग, कोणी फसवलं नाही. नवऱ्याला उगाच चोर समजतेय बिचारी, आणि तोही असा पडलेला असताना.

पण ते गुपित ह्यांचं आहे. सावकाश सांगणार होते ना? मग आल्यावर सांगतील, शालूला आणि मलाही, माझ्या तोंडावर. त्यांच्यामागे मीच ते आज उघड केलं तर ते येणार नाहीत असं मी धरून चालल्यासारखं होईल.

"जुनी गाडी म्हणजे असायचंच," एवढंच म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

उद्या सकाळी पुन्हा तिला घेऊन जायचंय.