भुऱ्याचा अर्धा तास

सोमवार, ४ ऑक्टोबर २००४
रुग्णांच्या सोबतीला कुत्रा गुरुवारी येणार, हे आज नक्की झालं, डॉ. विनीतांनीच सांगितलं. पोलादपूर रस्त्यावरच्या या वृद्धाश्रमात मी आजच परिचारिका म्हणून रुजू झाले. इथले सगळे विस्मरणाचे रुग्ण. खोली हवेशीर, जेवण चांगलं. माझी श्रिया, आठ वर्षांची, तुडीलला बहिणीकडे आहे. एकतीस तारखेच्या रविवारी भेटायला येईल.

गुरुवार, ७ ऑक्टोबर
भुऱ्या आला. शिकवलेला, शांत. दुपारी प्रत्येकाजवळ अर्धा तास बसतो. त्याआधी आणि नंतर मी तीन प्रश्न विचारून वहीत लिहायचं: नाव, गाव, लेकराचं नाव.
रामजी जुने एसटी ड्रायव्हर. सकाळी डॉक्टरांची जीप आली की अजून चारही चाकांवर थाप मारून बघतात. भुऱ्याला कुरवाळताना हसले. सुंदराबाईंनी मात्र काठी उगारली. "गो बाय, त्याला जवळ आनू नको. कुत्रा नाय, चोर हाय तो!"

सोमवार, १८ ऑक्टोबर
वही चाळली. पहिल्या दिवशी भुऱ्या बसण्याआधीची उत्तरं भरलेली, त्यानंतरची कोरी. रामजींना मुलाचं नाव सांगता येत नाही. जीपकडे बघतही नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, आजार वाढतोच, कुत्र्याचा काय दोष?
भुऱ्या एकटा जेवत नाही. म्हणून पायरीवर त्याच्याजवळ बसते. आज त्याला श्रियाबद्दल सांगितलं. ती कुठेही आली की फाटकाबाहेरूनच दोन टाळ्या वाजवते.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर
सकाळी भुऱ्या मागे बांधलेला असतो. आज सुटला. जीपभोवती फिरला. चारही चाकांवर पंजा मारला, एकेक करून. रामजी अनोळखी माणसासारखे बघत राहिले.
डॉक्टर हसल्या. मी नाही.

बुधवार, २७ ऑक्टोबर
त्याच्याजवळ बसायचं नाही, ठरवलं होतं. बसलेच.
मग स्वतःलाच विचारलं. नाव, आलं. गाव, तुडील. लेकरू —

शनिवार, ३० ऑक्टोबर
सुंदराबाई ओरडल्या, "गो, उद्या तुझी पोर येतेय ना? येऊ नको सांग तिला!"
कोणाची पोर?
मागची पानं वाचली. श्रिया, आठ वर्षं. अक्षर माझंच. फोन करायला हवा. पण नंबर —

रविवार
भुऱ्या सकाळपासून फाटकाशी. शेपूट हलतंय. कोणी मुलगी यायची आहे. तो ओळखतो तिला. मी —
बाहेर दोन टाळ्या.
ती आधी त्यालाच मिठी मारेल. आणि मग अर्धा तास —