कार्तिकीची मूठ

लातूर, मंगळवार

चि. सौ. पुनम,

तुला व बाळाला आशीर्वाद. फोनवर तू नुसती रडतेस. बाळंतिणीने रडू नये, म्हणून हे लिहून बाळाच्या बाबाजवळ, आदिनाथजवळ देते आहे.

तुझ्या लेकीचा, कार्तिकीचा, भाजलेला हात भरतो आहे. पण दुखतं म्हणून ती मूठ उघडत नव्हती. अशाने बोटं आखडतील, असं डॉक्टर म्हणाले होते.

आज ड्रेसिंगच्या वेळी सिस्टरने तिच्या डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला. त्यात समुद्र दिसतो. मला ते खूळ वाटलं. पट्टी सुटू लागताच मी सवयीने तिचे पाय दाबून धरले.

"आजी, सोड ना! मासे पळून राहिलेत!"

सोडले. रोज किंचाळणारी पोर हसत होती. मासा धरायला तिने हात पुढे केला आणि मूठ आपोआप उघडली. मानलं बाई त्या चष्म्याला!

करंगळी अजून वाकडी आहे. होईल सरळ.

दवाखान्यासाठी आम्ही उतरलो आहोत त्या होस्टेलातल्या कोचिंग क्लासच्या पोरी तिचे फार लाड करतात. तू वेळेवर जेवतेस ना?

घरी आल्यावर बाळाला त्याच हाताने झोका देणार, असं कार्तिकी म्हणते. मी हो म्हटलं आहे.

तुझी सासू,
सिंधु