दगडाची साक्ष

बाबा, चर्चमध्ये मंडळीसमोर तुमच्याविषयी मी खोटं बोलले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे माझा कान धरायला कुणी नाही.

आजी गेली तो दिवस मला लख्ख आठवतो. मी दहावीत होते. निजामपुऱ्यातल्या पॉवरलूमवरची शिफ्ट अर्धी टाकून तुम्ही मला घेऊन गावी, अंजूरला गेलात. तुम्ही ख्रिस्ती झाल्यापासून त्या घराने आपल्याला हळदीला, बारशाला बोलावणं सोडलं होतं. काका दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, बाटलेल्या हातांनी आईच्या तिरडीला शिवायचं नाही. तुम्ही बाजूला झालात. थोरले असून तुम्ही सगळ्यांच्या मागून, अनवाणी, वीसेक पावलांचं अंतर ठेवून चाललात आणि मी रागाने ओठ चावत तुमच्याबरोबर.

दर रविवारी आपल्याकडे लोक उठून साक्ष देतात, प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात. त्यात छळाची साक्ष असली की मंडळी कान टवकारून ऐकते. पाळकांनी तुम्हाला कितीदा गळ घातली, तुम्ही उठला नाहीत. मग मीच सांगते म्हटलं, तेव्हा आयुष्यात एकदाच तुम्ही माझ्यावर भडकलात.

"साक्ष प्रभूची देतात. भावाची चहाडी केली तर ती कसली साक्ष? मी घर सोडलं ते माझ्या मर्जीनं. त्याचा भाऊ गेला तो त्याला न विचारता गेला."

मला तेव्हा तो निव्वळ भित्रेपणा वाटला होता.

गेल्या महिन्यात नवे पाळक त्यागावर बोलले आणि मला उभं केलं. बोलायला लागले की माझी गाडी उताराला लागते, तुम्हाला माहीत आहे. तिरडीचं सांगितलं. बायका डोळे पुसू लागल्या, तशी मी म्हणाले की काकांनी तुम्हाला दगड मारला, कपाळ फुटलं, तरी तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करत राहिलात. कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं होतं. फिरत फिरत ते अंजूरला पोचलं.

मग काका रिक्षा करून माझ्याकडे आले. गुडघे गेलेत त्यांचे, जिना चढून धाप लागली होती. मी पाणी दिलं, ते प्यायले.

"तिरडीला हात लावू दिला न्हाय, ता खरा हाय. पन दगड मी न्हाय मारला गो. नातवंडं इचारतान मना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. येत्या रविवारी सगळ्यांसमोर खरं सांगते, असा शब्द मी त्यांना दिला.

तो रविवार काल झाला. कुणाला साक्ष द्यायची आहे का, पाळकांनी दोनदा विचारलं. मी उठणारच होते. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, हुतात्म्याची लेक आहेस तू. मी बसून राहिले. बाबा, ते ऐकायला मला बरं वाटलं.