दोन बोटांची खाच

चिहाउर, ३ मार्च २०११

ती. उवा एंगकोस यांस,
पुतणी इरोहचा सा. सलाम, वि. वि.

इकडे सगळं ठीक. अंबूचे गुडघे कुरकुरतात, आणि गुडघ्यांपेक्षा माझी ही आई जास्त कुरकुरते. माझं दुकान चालू आहे. आंबवलेल्या गोड कंदाचे, पेउयेमचे, घोस टांगले की ट्रकवाले आपोआप थांबतात. अब्बांच्या कबरीवर परवा चाफा लावून आले.

एनोकताईला फोन केला तर ती म्हणाली की तुम्ही फोन हातात घेतच नाही, कान गेल्याचं निमित्त सांगता. ठीक आहे. मला तरी तुमच्याकडून कागदच हवाय.

चुन्याच्या कंपनीला आता पासिर काचापी डोंगराचा पश्चिमेकडचा कडाही फोडायचा आहे. आपला कडा. त्यांनी जिल्हा कचेरीत अर्ज दिलाय की तिथे लोक गंजक्या लोखंडाला लोंबकळतात, उद्या कोणी मेलं तर जबाबदार कोण? सुरुंगवाल्यांना आमच्या जिवाची काळजी. म्हणून आम्ही रविवारी कडा चढणाऱ्या मंडळींनी ठरवलं की कड्यावर दोर अडकवायचा एकही गंजका बोल्ट ठेवायचा नाही. आमच्यातला यायात ट्रकचं स्टिअरिंग सोडून आठवड्यातले दोन दिवस ड्रिल धरतो. त्याची बायको म्हणते, लग्न माझ्याशी केलंस की डोंगराशी ते एकदा ठरव.

पण रीत ती रीत. जो वाट पहिल्यांदा चढला, त्याला लेखी विचारल्याशिवाय त्याच्या बोल्टला हात लावायचा नाही. बावीस वाटांपैकी एकवीस जणांच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या डब्यात आल्या. उरली तुमची 'बिनशिडी'. सत्तावीस वर्षांत तुमच्यानंतर ती कोणालाही जमली नाही. मी तिसऱ्या बोल्टच्या वर किती वेळा पडले ते मोजणं सोडून दिलंय. नवे बोल्ट लागले की आणखी निर्धास्त पडता येईल. तेवढी चिठ्ठी पाठवा.

मोठ्यांस सलाम, नातवंडांस पापा. लोभ आहेच, तो बोल्टसारखा गंजू नये.

आपली,
इरोह


बालिकपापान, १५ मार्च २०११

चि. इरोह हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एनोकने मोठ्याने वाचून दाखवलं, मग मी चष्मा लावून पुन्हा वाचलं. फोनवर निम्मं मला ऐकू येतं आणि निम्मं मी मनाने भरतो, त्यातून गेल्या वर्षी जावयाशी आठ दिवस अबोला झाला. म्हणून फोन नको. इथे मासा भरपूर, पण जेवणासोबत खायला आपल्याकडच्यासारखी कोवळी कच्ची पानं मिळत नाहीत. जी मिळतात ती गुरांनी खावीत.

बोल्ट बदला. परवानगी वेगळ्या कागदावर सही करून जोडली आहे, डब्यात ठेव. मात्र तिसऱ्या आणि चौथ्या बोल्टच्या मधे जे शेवाळ आहे त्याला हात लावू नका. घासपूस नको, ब्रश नको. तिथला दगड ठिसूळ आहे. मी बोल्ट मारले तेव्हाच पाहिलं होतं. का, कसं, हे विचारत बसू नकोस. तुला लहानपणापासून खोदून खोदून विचारायची खोड आहे.

आणि त्या वाटेचा नाद सोड. बाकीच्या एकवीस आहेत की. तू दोन मुलांची आई आहेस.

अंबूला सांग, गुडघ्यांना आलं आणि लवंग वाटून लावायची. कळावे, माया आहे तशीच आहे.

तुझा उवा,
एंगकोस


चिहाउर, ९ एप्रिल २०११

ती. उवा यांस,
इरोहचा सा. सलाम, वि. वि.

आज थट्टा नाही. नीट वाचा.

तुमचे सगळे बोल्ट आम्ही बदलले. शेवाळाला बोट लावलं नाही. यायातने तर तिथे वर्तमानपत्र चिकटवून ड्रिल चालवलं, मशीद रंगवताना खिडक्या झाकतात तसं. पण गेल्या मंगळवारी कंपनीचा मोजणीदार वरून दोर सोडून उतरला आणि हातोडीने कडा ठोकत आला. तिसऱ्या बोल्टच्या वर आवाज पोकळ आला. त्याने खरवडलं, तर चुन्याचा लिंपलेला पोपडा निघाला आणि आत छिन्नीने केलेली खाच. दोन बोटं जातील एवढी, चौकोनी.

आता कंपनीचा जुना खाणपट्टा काय म्हणतो तेही ऐका. ज्या कड्यावर पूर्वी खाणकाम झालंय तेवढाच कडा पुढे फोडायचा हक्क त्यांना आहे. पश्चिमेच्या कड्यावर कधी खाणकाम झालं नाही, या एका मुद्द्यावर आम्ही आजवर तग धरून होतो. आता त्यांनी खाचेचा फोटो कचेरीत दिलाय आणि म्हणतात, हे पाहा खाणकाम. दोन बोटांच्या भोकातून ते सबंध डोंगर ओढून नेणार. १२ मे रोजी अधिकारी कड्याखाली येऊन जागेवरच सुनावणी घेणार आहेत.

यायात शपथेवर सांगतो की ही खाच कंपनीच्याच माणसांनी रातोरात पाडली. मंडळी तेच बोलायचं ठरवून बसली आहेत. मीही मान डोलावली असती. पण तुम्ही आम्हाला त्याच जागी हात लावू नका म्हणून लिहिलंत, ते पत्र माझ्याच पेटीत आहे.

कोणती वाट पहिल्यांदा कोण चढलं ते लिहायच्या आमच्या वहीचं पहिलं पान तुम्हीच लिहिलेलं आहे. दगडाला छिन्नी लावायची नाही. लावली त्याचं नाव खोडायचं. चढता येत नसेल तर आपण बदलायचं, दगड बदलायचा नाही. हे वाक्य मी नऊ वर्षांची असताना पाठ केलं होतं.

तेव्हा विचारते. ही खाच कोणाची? मला गोड बोलून वाटेला लावू नका. खोटं बोलून कडा वाचवायचा असेल तर ते मला जमणार नाही, आणि खरं काय ते मला माहीत नाही.

उत्तराची वाट पाहते.

इरोह


बालिकपापान, २० एप्रिल २०११

चि. इरोह हिस,
अनेक आशीर्वाद. ते घ्यायचे की नाहीत, हे पत्र वाचून ठरव.

खाच माझी आहे.

१९८४ साल. अकरा रविवार मी त्याच जागी पडलो. बाराव्या रविवारी बांडुंगची पोरं येणार होती, बूट बिट घालून, आणि मी खाणीत भोकं पाडणारा अनवाणी गडी. गावाने आधीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं की एंगकोस चढणार. मग शनिवारी भर दुपारी, सगळे लग्नाच्या जेवणाला गेलेले असताना, एकटा गेलो आणि खाणीतली छिन्नी लावली. रविवारी चढलो. गावाने मला खांद्यावर घेतलं. सोमवारी जाऊन चुना आणि दगडाची भुकटी कालवून ती जागा लिंपली, म्हणजे माझ्यामागून कोणाला ती सापडू नये. चोरी केली आणि वरून दाराला कुलूपही लावलं. वहीतला तो नियम मी त्याच महिन्यात लिहिला. लोकांना वाटलं, काय हा बाणेदार माणूस.

एका माणसाला माहीत होतं. शनिवारी मी नेलेला दोर तुझ्या बापाच्या घरचा होता. ओमानने रविवारी दोर हातात घेतला, त्यावर पांढरी भुकटी होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, दोर झटकला आणि मुकाट्याने खाली धरून उभा राहिला. मला पडू दिलं नाही. पण त्यानंतर तो बिनशिडीला कधी शिवला नाही, आणि कारण कोणाला सांगितलं नाही. लोक म्हणायचे ओमानचे पाय जमिनीला चिकटलेत, भाऊ वाघ आणि हा कोंबडी. तू लहानपणी रडत घरी यायचीस, कारण शाळेत पोरं तुला कोंबडीची पोर म्हणायची. मीही त्या हसण्यात हसलोय, इरोह. तुझा बाप भित्रा नव्हता. त्याने भावाची अब्रू झाकायला स्वतःची देऊन टाकली, आणि मरेपर्यंत परत मागितली नाही. त्याच्या मातीला आलो तेव्हा सांगणार होतो. त्याऐवजी परतीची बोट पकडली.

आता कामाचं. यायातला सांग, कंपनीवर खोटा आळ घ्यायचा नाही. खोट्याने काय होतं ते मी सत्तावीस वर्षं पाहतोय. माझी छिन्नी अजून माझ्याजवळ आहे. तिचा एक कोपरा तुटका आहे, त्यामुळे खाचेच्या डाव्या अंगाला एक कंगोरा राहिलेला असणार. बघून घे. खाणीचं भोक गोल असतं आणि हातभर खोल. दोन पेरांच्या चौकोनात सुरुंगाची दारू भरली तर खेकडासुद्धा बाहेर पडणार नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगणार आहे. एनोक म्हणते की या वयात बोटीने जाऊन चारचौघांत नाक कापून घ्यायची काय गरज, कागद पाठवा. कागदावर ते थुंकतील. माणसावर थुंकायला थोडं धैर्य लागतं.

४ तारखेच्या बोटीने निघतो. मला दोर बांधून वर ओढायची तयारी ठेव. छिन्नी मी स्वतः खाचेत घालून दाखवणार.

रागव, पण उतरून घ्यायला ये.

तुझा उवा,
एंगकोस


चिहाउर, ३० मे २०११

ती. उवा यांस,
इरोहचा सा. सलाम, वि. वि.

सुखरूप पोचल्याचं एनोकताईने कळवलं. बोटीत तुमची चप्पल चोरीला गेली हेही कळलं. अनवाणी गडी अनवाणीच परतला.

निकालाचा कागद कालच हाती आला. खाच ही 'चढाईसाठी एका व्यक्तीने केलेली, खाणकामाशी संबंध नसलेली' असं त्यात लिहिलंय. पश्चिमेचा कडा पट्ट्याबाहेर. कंपनी वर दाद मागणार म्हणते. मागू दे. पुन्हा येतील, पुन्हा आम्ही खाली उभे असू. पुढच्या खेपेला आणखी शंभर जण आणू. अंबू तर लाटणं घेऊन यायला तयार आहे.

तुम्ही सहासष्टाव्या वर्षी त्या दोराला लटकत छिन्नी खाचेत घातलीत आणि ती डबीच्या झाकणासारखी बसली. कंपनीच्या वकिलाने विचारलं की ही लबाडी स्वतःची म्हणून कबूल करायला तुम्हाला लाज वाटत नाही का. तुम्हाला ते ऐकू गेलं नाही आणि तुम्ही वरून ओरडून विचारलंत की काय म्हणतोय तो, चहा झाला का? सगळा डोंगर हसला. वकिलाला मी नंतर सांगितलं की लाज वाटते म्हणूनच आलेत.

तुम्ही बोटीवर गेल्यावर रविवारी मंडळी जमली. वही पुढे आली, पण पेन कोणी उचलेना. यायात म्हणाला, म्हाताऱ्याने कडा वाचवला, राहू दे नाव. मी नाही म्हटलं. तुमचं नाव मी माझ्या हाताने खोडलं, उवा. सरळ एक रेघ. तुम्ही शिकवलेला नियम तुमच्यासाठी मोडला असता तर तुम्ही इतक्या लांब कशाला आलात? खाच आम्ही पुन्हा लिंपली. बिनशिडीपुढे आता जागा कोरी आहे.

रागाचं म्हणाल तर आहे. अब्बांच्या कबरीवर जाऊन बसले आणि आधी तुमच्यावर रडले, मग त्यांच्यावर. मला तरी सांगायचं होतं त्यांनी. घरी परत येताना शाळेत मला चिडवणारा तो कारता वाटेत भेटला, आता टक्कल पडलंय त्याला. त्याला थांबवून सगळं सांगितलं. तो बिचारा कोंबडीची गोष्ट केव्हाच विसरला होता. तरी सांगितलं.

त्या वाटेवर मी आता रोज संध्याकाळी जाते. खाचेशिवाय. अजून पडतेच.

राग आणि लोभ दोन्ही आहेत, दोन्ही सांभाळून ठेवावे.

आपली,
इरोह


बालिकपापान, ११ जून २०११

चि. इरोह हिस,
अनेक आशीर्वाद.

नाव खोडलंस ते बरं केलंस. नसतं खोडलं तर मीच परत येऊन खोडलं असतं, आणि बोटीचा प्रवास मला आता झेपत नाही असं एनोक म्हणते. एनोक बरंच काही म्हणते.

ऐक. त्या जागी सगळे उजवीकडे पाहतात, मीही पाहिलं. डावीकडे कोपराएवढ्या उंचीवर एक तिरकी कड आहे. छिन्नी मारून झाल्यावर मला ती दिसली होती. तोवर उशीर झाला होता. डावा पाय उंच टाकून तिच्यावर भार देऊन बघ. मला धीर धरवला नाही, तुझ्याकडे तुझ्या बापाचा धीर आहे.

रमजान संपला की मी चिहाउरला कायमचा यायचं म्हणतोय. परवानगी द्यायला आता त्या वाटेवर माझं काही नाही. पण मागायला आहे. तू तिथे पडतेस तेव्हा खाली कोणीतरी उभं राहावं लागतं. ओमानने अकरा रविवार मला झेललं आणि बारावाही सोडला नाही. माझे कान गेलेत, हात अजून शाबूत आहेत.

तुझा दोर मी धरू का? उत्तर लेखी पाठव. डब्यात ठेवायला लागेल.

तुझा उवा,
एंगकोस