मेडिसिनची एक जागा

ता. ४ नोव्हेंबर १९५७. बारामती

मुंबईचं बोलावणं आलं. आता तीन झाली. मुंबई, सोलापूर, पुणे. तिन्ही ठिकाणी हाऊस फिजिशियनची जागा, जानेवारीपासून सहा महिने. हे सहा महिने मेडिसिनमध्ये मिळाले नाहीत तर पुढं एम.डी.चं नाव काढायला नको. मग आहेच बारामती, आहेत आमचे डॉक्टरसाहेब (यापुढे डॉ.सा.; एवढं लांब लिहायची त्यांची योग्यता नाही) आणि आहेत त्यांच्या दवाखान्यातल्या बाळंतिणी.

आज लासुर्ण्याची एक बाई आली होती. चार पावलं चालली की दम, पायांवर सूज. मी छातीला नळी लावते न लावते तोच डॉ.सा. पडद्याआडून, "बाई, कितवा महिना ते बघा आधी!" गरोदर नव्हतीच ती. शेवटी लाल मिक्श्चर देऊन बोळवण केली. मला तिच्या हृदयात काहीतरी ऐकू आलं होतं. काय, ते नक्की सांगता येईना. चीड त्याचीच जास्त आली.

ता. ६

हे हॉस्पिटलवाले मला पारखणार, तर मी का नको? काय काय बघायचं ते ठरवलं. मोठे डॉक्टर रोग्याला हात लावतात की पायथ्याशी उभं राहून निघून जातात? रक्त-लघवी आपली आपल्याला तपासायला मिळते का? रोगी दगावला तर का दगावला, हे दुसऱ्या दिवशी कुणी विचारतं का? बाईमाणसाला राहायला खोली आहे का?

आमचे आबा बैल घेताना दात बघतात आणि मग चालवून बघतात. दात दाखवायला सगळेच तयार असतात.

ता. ९. मुंबई

समोर पाच जण. पहिला प्रश्न : लग्न ठरलंय का? नाही म्हटलं. "पण ठरेल ना?" म्हटलं, सहा महिन्यांत ठरणार नाही एवढी खात्री देते. चौघे हसले. पाचवे घड्याळ बघत होते.

नंतर वॉर्डात गेले. खाटा भरून खाली दोन रांगा. ऑनररी, म्हणजे मानद मोठे डॉक्टर, आले, सगळा वॉर्ड फिरले आणि चहा निवायच्या आत गेले. एकाही रोग्याला हात नाही. हाऊसमन मागून धावत केसपेपर लिहितोय. त्याला विचारलं, इथं शिकवतं कोण? म्हणाला, "शिकायला आलात? मला वाटलं काम करायला." बायकांना खोली नाही. "नातेवाईक असतीलच मुंबईत." आमचे नातेवाईक मुंबईत! निमगावातून इंदापूरला बाजाराला जातात तेच लांब.

फुली.

ता. १५. सोलापूर

इथले सुपरिंटेंडेंट फार गोड बोलतात. गोड बोलणाऱ्या माणसाची मला आधीपासून भीती. चहा दिला, इमारत दाखवली, खोली दाखवली. खोलीला खिडकी, खिडकीबाहेर कडुनिंब. आणि मग, "तुमची नेमणूक झाली असंच समजा. फक्त जागा बाळंतपणाच्या विभागात. मेडिसिनचं पुढं बघू. बायकांना तेच बरं पडतं." बरं कुणाला पडतं?

वर्षअखेरपर्यंत कळवा म्हणाले. गाडीत भिगवणपर्यंत दातओठ खात बसले. समोरच्या आजीबाईंनी भाकरी पुढं केली. त्यांना वाटलं, भुकेनं चेहरा असा झालाय.

ता. २१. पुणे

कुसुमकडे उतरलेय. कॉलेजातली मैत्रीण, आता याच हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात. इंटरव्ह्यू २ डिसेंबरला आहे, पण मी मुद्दाम आधी आले. चालवून बघायला.

डॉ. वर्तकांचा राउंड. स्टूल ओढून रोग्याजवळ बसले आणि उठेचनात. एका माणसापाशी पाऊण तास! तो कुठलं पाणी पितो, घरात कोण खोकतं, जिना चढताना कितव्या पायरीवर थांबतो. मी मागे उभी. एकदम वळून मला, "तुम्ही ऐका. काय ऐकू येतं?" मी ऐकलं, सांगितलं, सिस्टॉलिक मर्मर. त्यांनी रोग्याला डाव्या कुशीवर वळवलं, नळीचं तोंड बदललं, माझा हात धरून जागा दाखवली. "आता."

ऐकू आलं. शेजारच्या घरात कुणी जातं ओढत असावं तशी घरघर. लासुर्ण्याच्या बाईच्या छातीत होतं ते हेच.

"आता ऐकलंत. मघाशी सांगितलंत ते पुस्तकातलं होतं."

बाहेर येऊन जिन्यात रडले. आनंदानं रडायची ही पहिलीच वेळ, ते लिहून ठेवते. त्यांच्या हाताखाली जागा एकच आहे. मला तीच हवी. दुसरी कुठलीही नको.

येताना कुसुमनं त्यांचं घर लांबून दाखवलं. निळं फाटक.

ता. २४. निमगाव केतकी

घरी. पेरूची बाग यंदा लगडलीय. आबांना बांधावर बसून सगळं सांगितलं. कुशीवर वळवलेला रोगी, जात्याची घरघर, स्टूल. निळ्या फाटकापर्यंत सगळं. माझ्या जिभेला हाड नाही.

आबा सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजी कायबी वळख न्हाय, पाळख न्हाय, आन् तुला शिकिवलं?"

"हो."

"मंग मानूस मोठा हाय. त्येच्या घरी वानवळा ग्येला पायजे."

मी हसले. "आबा, पुण्यात तसं नसतं."

"पुन्यात पेरू खात न्हाईत व्हय?"

आई म्हणाली, आता तुमचं दोघांचं पुरं करा आणि जेवायला चला. विषय तिथंच राहिला.

ता. २ डिसेंबर. पुणे

नीट लिहायचा प्रयत्न करते.

आत गेले. तिघे होते, मधे डॉ. वर्तक. माझा अर्ज समोर, पण ते वाचत नव्हते. मेडिसिनचा एकही प्रश्न नाही. म्हणाले, "तुम्ही निमगावच्या ना? काल दुपारी आमच्या घरी पेरूची करंडी आली. आणणाऱ्या गृहस्थांनी स्वतःचं नाव सांगितलं, तुमचंही सांगितलं. आज इंटरव्ह्यू आहे हेही सांगितलं."

पुढे तेच म्हणाले,

"मी करंडी परतच करणार होतो, पण ते थांबले नाहीत. सकाळी वॉर्डात वाटून टाकली."

मी म्हटलं, सर, आमच्याकडे बागेतलं पहिलं फळ असं देतात, त्यात मागणं नसतं, ती रीत...

"रीत प्रत्येकाकडेच असते, बाई. म्हणून तर आम्हाला नियम करावे लागतात."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर भांडता आलं असतं. उरलेले दोघे टेबलाकडे बघत होते. मी नमस्कार करून बाहेर आले. नमस्कार कशाला केला, देव जाणे.

ता. ३. पुणे

यादी लागली. मेडिसिनच्या जागेवर दुसऱ्याच ऑनररींचा पुतण्या. तेच काल डॉ. वर्तकांच्या उजव्या हाताला बसले होते! कुसुम म्हणाली, मुलगा हुशार आहे गं. असेल. मी कुठं नाही म्हणते? पण त्याचा काका त्याच टेबलाशी बसतो ते चालतं, आणि माझा बाप फाटकाशी करंडी ठेवून जातो ते चालत नाही. काकाला परत पाठवायचा नियम अजून कुणी केलेला दिसत नाही.

आणि तरी, वर्तक लबाड नाहीत. हेच जास्त टोचतंय. लबाड असते तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

ता. ५. निमगाव

आबा एस.टी.च्या थांब्यावर उभे. बॅग हातातून घेतली आणि पहिला प्रश्न, "करंडी पोचली का साहेबास्नी?"

मी म्हटलं, पोचली.

मग वाटभर तेच. एकेक पेरू हातानं निवडला, पाखरानं टोचलेला एक येऊ दिला नाही. वर पाला घातला. भिगवणला गाडी धरली, पुण्यात स्टेशनापासून डोक्यावर करंडी घेऊन विचारत विचारत गेले. "लोक निळ्या फाटकावर हासत व्हतं, पर घावलं." कुसुमकडे मुद्दाम आले नाहीत. "तुजा अब्यास मोडला आसता."

"बाई दारात आल्या. म्या म्हनलं, साहेबांनी आमच्या पोरीला शिकिवलं, तिची उद्या मुलाकत हाय, म्हून ती घाईत हाय, न्हाय तर तिनंच आनलं आसतं. पानी बी न घेता निगालो."

म्हणजे इंटरव्ह्यूचं त्यांनी का सांगितलं ते हे. मी स्वतः का आले नाही, याची माफी मागत होते.

जागा मिळाली नाही म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही. आबा म्हणाले, "आसूं दे. मानूस चांगला हाय. त्येचा बी कायतरी विलाज नसंल."

असं वाटलं, ओरडावं. आबांवर, त्या फाटकावर, स्वतःवर. त्या दिवशी बांधावर हसण्याऐवजी दोन वाक्यं धड सांगितली असती तर! एवढी शिकले आणि बापाला वशिला आणि वानवळा यांतला पुण्यातला फरक सांगता आला नाही. कंटाळा केला. खरं तर मला गंमत वाटली त्यांची.

ता. ९. बारामती

पुन्हा दवाखाना. डॉ.सा. खूश. "सांगितलं होतं ना, पुण्याचं काही खरं नाही." आज दोन बाळंतपणं. दुसरीच्या सासूला मुलगी झाल्याचं सांगितलं तर माझ्याकडे अशी बघते, जणू मीच बदलली.

सोलापूरला अजून होकार लिहिलेला नाही. कडुनिंबाची खिडकी आठवते. बाईला बरं पडेल.

ता. १४. बारामती

डॉ. वर्तकांचं पत्र. स्वतःच्या अक्षरात!

पुतण्याला विलायतेचं बोलावणं आलं, तो जागा सोडतोय. (यांना विलायत मिळते, आपल्याला यांची सुटलेली खुर्ची.) यादीत पुढचं नाव माझं आहे. 'तुमचा कान चांगला आहे. असा कान वाया जाऊ नये असे मला वाटते.' हे वाक्य दहा वेळा वाचलं. अकराव्यांदा पुढचं वाचलं.

अट आहे. घडला प्रकार दप्तरी नोंदला गेला असल्यामुळे वडिलांच्या सहीची लेखी हमी हवी. मुलीच्या निवडीवर वजन पडावे या हेतूने फळे दिली, ही चूक झाली, पुन्हा होणार नाही. २३ तारखेच्या आत. 'यात तुमच्याविषयी किंतु नाही. केवळ नियमाचा भाग.'

नियमाचा भाग. माझ्याविषयी किंतु नाही. मग कुणाविषयी आहे?

ता. १६

डॉ.सा.ना दोन दिवसांची सुटी मागितली. कारण विचारलं. म्हटलं, सही आणायचीय.

कधी वाटतं, फाडून टाकावं पत्र. कधी वाटतं, चार ओळींचा तर कागद आहे. त्यानं आबांचं काय झिजणार, त्यांना कळणारसुद्धा नाही. हे मी लिहिलं. माझ्याच हातानं. कळणारसुद्धा नाही.

आणि ती जागा मला अजून तेवढीच हवी आहे. लाज वाटते, पण हवी आहे.

ता. १८. निमगाव

सकाळी ओसरीवर बसून हमी लिहून काढली. 'मी, खाली सही करणार...' तीन कागद फाडले. 'या हेतूने' पाशी दर वेळी हात अडत होता. चौथ्या वेळी अक्षर सुरेख आलं.

आबा बागेतून आले. "काय लिवतीस?"

"पुण्याचं. ती जागा मिळतेय. तुमची सही लागणार."

मी इतकंच म्हटलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिकडं बघवेना. आईला हाक मारली, "आगं, साहेबानं बलीवली पोरीला! म्या म्हनलं न्हवतं, मानूस चांगला हाय?" रांजणावर जाऊन हातपाय धुतले, मुंडाशाच्या शेवाला हात कोरडे केले, खाली मांडी घातली आणि कागद आपल्याकडे ओढला.

"कुठं करू सई?"

"आबा, आधी वाचून दाखवते."

"त्यात काय वाचायचं? तू लिवलंस न्हवं? बोट ठेव, कुठं करू ते."

मी कागद परत घेतला. म्हटलं, जेवून घ्या आधी. ते हसत उठले, आईला म्हणाले, डॉक्टरीणबाईंचा हुकूम हाय, वाढ.

आता जेवताहेत. मला दोनदा हाक मारून झाली. इथून टपाल दुपारच्या एस.टी.नं जातं.