नको म्हणायची घरची पद्धत

तीर्थस्वरूप काकांच्या चरणी परदेशी राहिलेल्या पुतण्याचा साष्टांग नमस्कार. (पत्रातून साष्टांग घालणं सोपं जातं. प्रत्यक्षात माझी खोली एवढी लहान आहे की आडवा झालो तर पाय दाराबाहेर जिन्यात जातात आणि वरच्या मजल्यावरचे लोक ओलांडून जातात.) तुमचा गुडघा कसा आहे? काकू रक्तदाबाची गोळी वेळेवर घेते ना? कारखान्यातल्या खोकी शिवायच्या मशीनचा पट्टा बदललात, की अजून सुतळी बांधूनच चाललंय? मी इकडे ठीक आहे. ठीक म्हणजे दोन वेळा जेवतो, रोज आंघोळ करतो, वर्गात जाऊन बसतो. बाकी माझं काय चाललंय ते मलाच धड कळत नाहीये, म्हणून तर कागद घेऊन बसलोय.

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. तर काका, फोनवर तुम्ही "बरं" म्हणता आणि ठेवता. रविवारी तेच झालं. तुम्ही विचारलंत, "तिकडे काही जमत नसेल तर परत ये. कारखाना तुझाच आहे. येतोस का?" मी म्हणालो, "नको नको काका, कशाला." तुम्ही बरं म्हणालात आणि ठेवलात. सगळा मिळून पाऊण मिनिटाचा मामला. आज गुरुवार. चार दिवस मी एवढाच विचार करतोय की माझं ते नको खरं होतं की नुसतं घरच्या वळणाचं होतं. आणि हे उद्या संध्याकाळी पाचच्या आत ठरवायचंय. का, ते सांगतो, पण मुळापासून सांगावं लागेल. नीट टेकून बसा. (पत्राचे फोटो ताईच्या फोनवर पाठवतोय. ताई, वाचून दाखवताना कंसातलंही वाच, तुझ्या मनाने गाळू नकोस.)

आमच्या अभ्यासक्रमात शेवटचे सहा महिने कुठल्यातरी कंपनीत काम करावं लागतं. इथे त्याला इंटर्नशिप म्हणतात, तुमच्या भाषेत उमेदवारी. ती मिळाल्याचा सही-शिक्क्याचा कागद उद्या पाचपर्यंत कॉलेजच्या खिडकीत पडला नाही, तर पदवी नाही, पदवी नाही तर इथे राहायची परवानगी नाही, आणि मग दोन वर्षं मी परदेशात खोकी बघून आलो एवढंच म्हणायला उरेल. (गल्लीत लोक आताही तेच म्हणतात. पुठ्ठ्याच्या खोक्यांचं शिक्षण घ्यायला एवढ्या लांब कशाला जायचं, या प्रश्नाला बाबांनी अजून कुणाला उत्तर दिलेलं नाही.)

अर्ज मी एक्क्याऐंशी केले. चौसष्ट ठिकाणांहून उत्तरच नाही. तिघांनी मुलाखतीला बोलावलं. बाकीच्यांची उत्तरं इतकी गोड होती की दोन-तीन तर मी निवड झाली समजून लंबूला वाचून दाखवली. (लंबू म्हणजे माझ्या बाजूच्या खोलीतला. आमचं स्वयंपाकघर एकच आहे. दारातून येताना वाकतो, म्हणून लंबू. त्याला याचा अर्थ माहीत नाही, फार मोठी पदवी आहे असं मी सांगितलंय.) त्यात माझ्या गुणांचं कौतुक, पुढच्या आयुष्याला शुभेच्छा, आणि मधे कुठेतरी एका ओळीत नाही. ती ओळ नेहमी लंबूलाच सापडायची.

पहिली मुलाखत दीड महिन्यापूर्वी झाली. तीन माणसं समोर, अर्ध्या तासाची वेळ. स्वतःबद्दल सांगा म्हणाले. आपल्याकडे स्वतःबद्दल सांगायचं तर सुरुवात घरापासून करतात, म्हणून मी आजोबांपासून सुरुवात केली. आजोबांनी रद्दीच्या दुकानातून कारखाना कसा उभा केला, तुम्ही तो कसा वाढवलात, बाबा त्यात का गेले नाहीत, ताईला कुठे दिली, जावई काय करतात. ऐकत होते बिचारे. मधला माणूस तर ताईचं ऐकून लिहूनही घेत होता. माझा जन्म व्हायच्या आत वेळ संपली.

मग कॉलेजातल्या मार्गदर्शक बाईंनी मला बसवून शिकवलं. म्हणाल्या, आजोबा नकोत, काका नकोत, फक्त मी, मी आणि मी. मी हे केलं, मी ते घडवलं. घरी या सुरात बोललो असतो तर काकूने जेवायला वाढलं नसतं. पण त्यांच्यासमोर आरशात बघून आठ दिवस मी-मी केलं. इतकी सवय झाली की दुकानात ब्रेड मागतानाही मी छाती काढून उभा राहायला लागलो. दुसऱ्या मुलाखतीत मी त्यांच्या कंपनीत काय काय बदलून टाकेन ते सांगितलं. त्यात एक खातं बंद करण्याची सूचना होती. मुलाखत घेणारे गृहस्थ त्याच खात्याचे निघाले.

आता खरी गोष्ट. तिसरी मुलाखत गेल्या गुरुवारी, शहराबाहेरच्या एका खोक्यांच्या कंपनीत. काका, काय कारखाना आहे म्हणून सांगू. जमीन अशी स्वच्छ की खळीचा एक थेंब नाही. खोकं उंचावरून पाडायचं वेगळं मशीन, दाबायचं वेगळं, हलवून हलवून हैराण करायचं वेगळं. तुम्ही खोक्यावर उभं राहून बघता, त्या कामाला इथे चार माणसं आणि एक संगणक. तिथल्या मुख्य बाईंनी मला काही विचारलंच नाही. चार रिकामी खोकी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, यातलं कुठलं वजनाखाली आधी बसेल ते सांग. मी नेहमीसारखा अंगठा कडेवरून फिरवला, आणि तिसरं म्हणून सांगितलं. त्याच्या पुठ्ठ्यातल्या लाटा आडव्या होत्या. लाटा उभ्या हव्यात, आडव्या लाटांचं खोकं वर वजन आलं की गुडघे टेकतं, हे मला सातव्या वर्षापासून माहीत आहे. बाईंनी ते मशीनखाली घातलं. बसलं. त्यांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हणालो, काकांनी सांगितलंय. (मार्गदर्शक बाई असत्या तर तिथेच चक्कर येऊन पडल्या असत्या.)

त्या खूश झाल्या. हात पुढे करून म्हणाल्या, सोमवारपासून येतोस का? आणि काका, माझ्या तोंडून काय निघावं? "नको नको, कशाला. माझ्यापेक्षा चांगले असतील की तुमच्याकडे."

यात तुमचा वाटा आहे, हे मी नम्रपणे नमूद करतो. मी सहा वर्षांचा असताना एकदा ओळखीच्यांकडे गेलो, त्यांनी खाऊची बशी पुढे केली आणि मी पहिल्याच फटक्यात हात घातला, तेव्हा तुम्ही मला नुसते डोळे दाखवलेत. बाहेर आल्यावर सांगितलंत की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, तिसऱ्यांदा आग्रह झाला तर थोडं घ्यायचं. मी ते घोकलं. त्या दिवशी मी नको म्हणून हसतमुखाने दुसऱ्या आग्रहाची वाट बघत उभा राहिलो. बाईंचा पुढे केलेला हात जरा खाली आला. त्यांनी स्पष्ट बोलल्याबद्दल माझे आभार मानले आणि मला जिन्यापर्यंत पोहोचवलं. मला वाटलं, फाटकाशी विचारतील. आपल्याकडे खरं बोलणं फाटकाशीच होतं. मी जिन्याखाली बुटाची नाडी बांधत रेंगाळलो (माझ्या बुटांना नाडी नाही). शेवटी दारावरच्या मुलीने टॅक्सी बोलावू का म्हणून विचारलं. मी नको म्हणालो. तिनेही परत विचारलं नाही.

घरी येऊन लंबूला सांगितलं, तर त्याने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग त्याने हळूच विचारलं, म्हणजे रोज मी जेवायला विचारतो आणि तू नको म्हणतोस, ते पण तसलंच? दीड वर्ष, काका. दीड वर्ष हा रोज संध्याकाळी पातेलं पुढे करून विचारतोय, मी नको म्हणतोय, आणि तो एकटा बसून सगळं संपवतोय. मी त्याला एक नंबरचा चिकट समजत होतो. त्याने माझ्या पोटाला काही आजार आहे असं समजून वर्गातल्या सगळ्यांना माझ्यासमोर खाण्याचा विषय काढू नका म्हणून सांगून ठेवलं होतं. मला आजवर कुणी घरी का बोलावलं नाही याचा उलगडा तेव्हा झाला. त्या दिवशी आम्ही दोघं मिळून पातेलं रिकामं केलं. (मी एकदा तरी नको म्हणालोच. त्याने ऐकलं नाही. शिकतोय तो.)

त्यानेच मला बाईंना पत्र लिहायला लावलं. आमच्या घरी पहिलं नको धरत नाहीत, हे परक्या भाषेत लिहिताना घाम फुटला. तीनदा विचारल्याशिवाय हो म्हणणं हावरटपणाचं मानतात, असं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की उद्या मी खोकं तयार आहे का विचारलं आणि तू हो म्हणालास, तर ते कितव्या वेळचं हो धरायचं? मी खरं ते लिहून टाकलं: उत्तर सुचत नाही. त्यावर त्यांनी काल परत बोलावलं.

काल मी पक्कं ठरवून गेलो होतो की काहीही विचारलं तरी पहिल्या झटक्यात हो. कॉफी घेणार का? हो. (मी कॉफी पीत नाही. दोन कप प्यायलो.) सुट्टीच्या दिवशी कधी यावं लागेल, चालेल? हो. मालवाहू गाडी चालवता येते? हो. (नाही येत. हे मात्र मी लगेच सुधारलं.) मग त्यांनी एक कागद पुढे केला. सहा महिन्यांची उमेदवारी, पण त्यांचा नियम असा की ज्याला शिकवायचं त्याने पुढे तीन वर्षं तिथेच काम करायचं. खाली माझ्या सहीची जागा. मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि काका, बाहेर पडलं ते, जरा घरी वाचून बघू का? बाई म्हणाल्या, घरी घेऊन जा, शुक्रवारी दुपारपर्यंत आणून दे.

तो कागद आत्ता या कागदाच्या शेजारी आहे. सही केली की साडेतीन वर्षं मी इकडे. नाही केली की पदवीही गेली आणि लंबूचं पातेलंही. नोकरी सोन्यासारखी आहे, बाई भल्या आहेत, मशीनं बघून हात शिवशिवतात. सगळं मला हवं तसंच आहे. तरी पेन उचललं की रविवारचं तुमचं बरं ऐकू येतं. मला वाईट वाटतंय, काका. इथली माणसं एकदाच विचारतात, त्याचं मी समजू शकतो. तुम्ही एकदाच कसं विचारलंत?

असो. फार लांबलं. काकूला नमस्कार, ताईला वाचून घसा बसला असेल तर पाणी द्या.

आपला,
खोक्यांचा अर्धवट पदवीधर पुतण्या

ता. क. पाच थरांच्या खोक्याला तुम्ही खळीत काय घालता ते मुख्य बाईंनी विचारलंय. मी नाही सांगितलं. घरचं आहे ते.

ता. क. २. काल रात्री काकूचा फोन आला होता. तुम्हाला सांगू नकोस म्हणाली, म्हणून लिहितोय. रविवारी फोन ठेवल्यावर तुम्ही बराच वेळ मशीनपाशी बसून होतात म्हणे, आणि कुणी विचारलं तर म्हणालात की पोराला तिकडे चांगलं जमतंय, मी उगीच आग्रह केला तर नाही म्हणता यायचं नाही त्याला. मला हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, की कळलं नसतं तर, ते मला कळत नाही.

ता. क. ३. वरचं सगळं नाही वाचलंत तरी चालेल, एवढं मात्र करा. उद्या सकाळी फोन करा आणि परत एकदा विचारा, येतोस का म्हणून. मी नको म्हणेन. बरं म्हणून ठेवू नका. पुन्हा विचारा, रविवार धरून ती तिसरी वेळ. त्यानंतर जे मी म्हणेन ते खरं धरा, आणि हो आलं तरी रागावू नका, नको आलं तरी रागावू नका. फोन मी उशाशी ठेवतोय.