दोन उंट आणि एक घोडा

नाना, धुळ्याच्या त्या हॉलमध्ये तुम्ही पंच होतात आणि मी, अकरावीतली तुमची मुलगी, दुसऱ्या पटावर. संध्याकाळी हॉल लग्नाला द्यायचा होता, म्हणून वेळ संपल्यावर अर्धवट राहिलेल्या डावांचा निकाल पंचांनीच सांगायचा असं ठरलं होतं. माझे दोन उंट, समोरच्या मुलाचा एक घोडा, बाकी नुसते राजे. जिंकले तर राज्याच्या निवडीला जाणार होते. तुम्ही हात मागे बांधून बराच वेळ पटाकडे बघत उभे राहिलात. मग म्हणालात, "घोडा कोपऱ्याशी, राजाला धरून आहे. हा किल्ला फुटत नाही. बरोबरी."

जळगावला परतताना एसटीत मी तुमच्यापासून लांब, मागच्या सीटवर जाऊन बसले. घरी आई भाकरी थापत होती. तिच्यासमोर मी म्हणाले, "लोक काय म्हणतील म्हणून तुम्ही मला अडवलंत. दुसऱ्याची मुलगी असती तर असं केलं नसतं." तुम्ही रागावला नाहीत. "पुस्तकांत ती बरोबरीच आहे, बाई," एवढंच म्हणालात आणि जेवत राहिलात. मी खेळणं सोडलं. त्यानंतर घरी यायचे तेव्हा तुम्ही ओट्यावर एकटेच, दोन्ही बाजूंनी खेळताना दिसायचात, आणि मी बाजूने आत निघून जायचे.

नव्वदच्या दशकात, माझ्या लग्नानंतर, दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये संगणक आला, त्यावर बुद्धिबळाचा प्रोग्राम आणि सोबत डावांच्या शेवटांची एक सीडी. तुम्ही राहायला आलात तेव्हा मी ती मांडणी लावूनच ठेवली होती. सांगितलं, "पाच मोहरे उरले की हा विचार करत नाही, नाना. मात झालेल्या मांडणीपासून उलटं मागे येत येत प्रत्येक मांडणीचं उत्तर आधीच काढून ठेवलंय." दोन्ही बाजू संगणकच खेळत होता. तुम्ही चष्मा पुसून जवळ बसलात. उंट पुढे जात, मध्येच मागे येत, कशासाठी ते दोघांनाही कळत नव्हतं. खूप खेळ्यांनंतर घोडा राजापासून तुटला आणि मारला गेला. मी पडद्याकडे नाही, तुमच्याकडे बघत होते. "मन्ही चूक शे," तुम्ही म्हणालात. माझ्याशी तुम्ही कधी अहिराणी बोलला नव्हतात, ती फक्त आजीशी. आणि मला बरं वाटलं, नाना. चांगलंच बरं वाटलं.

त्या वर्षी त्याच स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला तुम्ही मला घेऊन धुळ्याला गेलात आणि माईक मागितलात. "माझ्या मुलीचा जिंकलेला डाव मी इथे बरोबरीत सोडवला होता. ते इथेच सांगायला हवं." मुलांना काही कळलं नाही. मागे कुणीतरी हसलं. आयोजकाने "बसा सर, बसा" म्हणत माईक काढून घेतला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी चपलांकडे बघत होते.

तुमच्या वर्षश्राद्धानंतर एका दुपारी मी तो शेवट स्वतः संगणकाशी खेळले. घोडा निसटला. पुन्हा मांडला, पुन्हा निसटला. तो मुलगा काही यंत्र नव्हता, तो चुकलाही असता, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण उंट कुठे न्यायचे तेच मला कळत नव्हतं, आणि त्या दिवशीही कळलं नव्हतं. आता माझेही केस पिकले. तुम्ही असतात तरी हे लिहून तुमच्याकडे धाडलं असतं की नाही, सांगता येत नाही. त्या हॉलमध्ये वेळ संपली असं तुम्ही ओरडून सांगितलंत ना, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.